अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

अल्ताफने पांढऱ्या टाइलवर दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. ही टाइल आम्ही एरवी फ्लास्कखाली ठेवायचो, द्रावणाचा रंग कधी बदलतो ते नीट दिसावं म्हणून. पट्ट्या बोटाएवढ्या लांब होत्या, काळपट हिरव्या, कंगव्याच्या तुकड्यासारख्या.

"यातली कंपनीची कुठली आणि बाजारातली कुठली, ओळखा बघू सर," तो म्हणाला.

प्रभुदेसाई सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून दोन्हींकडे बघितलं. मग एकीवर बोट ठेवलं. म्हणाले, हिचं काम सुबक आहे, ही कंपनीची.

"ती माझ्या दुकानातली."

आमचे लॅब अटेंडंट दिनकरमामा सिंकपाशी बाटल्या विसळत होते, ते पाठमोरेच हसले. सर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मूळचा दात तो मूळचा आणि बसवलेला तो बसवलेला.

"माझे सगळे बसवलेलेच आहेत सर," मामा म्हणाले. "ऊस सोलून खातो."

मिरजेच्या एका कॉलेजात मी तेव्हा रसायनशास्त्र शिकवत होते. प्रभुदेसाई सर विभागप्रमुख होते आणि मार्चमध्ये निवृत्त होणार होते. सहा वर्षं दर सोमवारी सकाळी ते आणि दिनकरमामा कृष्णेच्या घाटावर जाऊन पाणी आणत, आणि त्या पाण्याची आम्ही तपासणी करत असू. पहिल्या चार वर्षांची मापं जाड रजिस्टरांत होती. शेवटच्या दोन वर्षांची थेट विभागाच्या लॅपटॉपमध्ये. सरांना निवृत्तीआधी सहा वर्षांचा अहवाल पुरा करायचा होता. त्यांच्या नावावर दुसरं काही मोठं नव्हतं, हे ते स्वतःच सांगत.

लॅपटॉपमधला ड्राइव्ह, म्हणजे सगळं साठवणारी ती पट्टी, कंपनीने कारखान्यात बसवलेली होती, पण लहान होती आणि आता भरली होती. मोठी पट्टी घेणं भाग होतं. कंपनीच्या कोल्हापूरच्या केंद्राकडून त्यांचीच मोठी बसवून घ्यायची, की अल्ताफकडून बाजारातली, एवढाच प्रश्न होता. त्यावर टिपण लिहायचं काम सरांनी मला दिलं, कारण मी तपासल्याशिवाय बोलत नाही असा माझा लौकिक होता.

मी दोन रकाने केले. कंपनीची पट्टी त्याच यंत्रात, त्याच उष्णतेत तपासलेली असते आणि बिघाड झाला तर जबाबदार कोण याचा वाद होत नाही. मात्र ती मुळात कुणी बनवली ते कंपनी सांगत नाही, हमी एकाच वर्षाची, किंमत जवळजवळ दुप्पट. बाजारातल्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव, वेग, आयुष्य सगळं छापलेलं, हमी पाच वर्षांची. तोटा एकच, काही झालं तर कंपनी दुकानदाराकडे बोट दाखवणार आणि दुकानदार कंपनीकडे. शेवटी मी बाजारातल्या पट्टीची शिफारस केली. सरांनी मान हलवत हलवत सही केली.

अल्ताफ सतारमेकर कॉलेजचे सगळे साठ संगणक बघायचा. सतारमेकर गल्लीतलं त्याचं घराणं तंतुवाद्यं बनवणारं, वडील अजून तंबोरे करत. हा एकटा संगणकाकडे वळला होता. स्क्रू काढायचा तर आधी तळहात कोरडा करायचा, काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागी ठेवायचा आणि भोवती पेन्सिलीने गोल काढायचा. माणूस म्हणून मला तो आवडायचा. त्याचा वर्षाचा करार दर डिसेंबरात नवा होई आणि त्या वर्षीची समिती त्याच आठवड्यात शुक्रवारी बसणार होती. घर त्या करारावर चालतं, हे त्याने मला कधीतरी सहज सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी त्याने काम आमच्यासमोरच केलं. जुनी पट्टी काढली, नवी बसवली. यंत्राला ती दिसेना, म्हणून त्याने लॅपटॉपच्या मुख्य बोर्डचं सॉफ्टवेअर नवं केलं. मग दिसली. नव्या पट्टीवर लागणारी सगळी सॉफ्टवेअर घालून झाल्यावर त्याने जुनी पट्टी एका छोट्या डबीत घालून वायरने जोडली, आतला मजकूर इकडे आणायला. पडद्यावर निळी चौकट आली. चौकटीत अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली होती.

सरांनी विचारलं, हे कुलूप कुणी लावलं. अल्ताफ म्हणाला, कुणी लावत नाही, यंत्र स्वतःच लावतं. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जो माणूस आपला ईमेल घालतो, त्याच्या खात्यात किल्ली जाऊन बसते. पट्टी त्या यंत्रात असेपर्यंत कुलूप आहे हे कळतही नाही. त्याने जुनी पट्टी परत लॅपटॉपमध्ये घालून पाहिली. तिथेही तीच निळी चौकट.

"हे माझ्यामुळे," तो लगेच म्हणाला. "बोर्डचं सॉफ्टवेअर बदललं, आता ते आपल्याच पट्टीला ओळखत नाही. आधी विचारायला पाहिजे होतं मी. पण किल्ली मिळाली की पाच मिनिटांचं काम आहे सर, आतलं काही गेलेलं नाही. पहिल्यांदा हा चालू कुणी केला?"

"कुणी म्हणजे?" दिनकरमामा म्हणाले. "सरांनी. तो काय फोटो."

फोटो फलकावर होता. दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीचा. आमच्या विभागात नवं उपकरण खंडेनवमीची पूजा झाल्याशिवाय सुरू होत नसे. एक तराजू तर अकरा दिवस खोक्यात बसून होता. फोटोत सगळी उपकरणं टेबलावर मांडलेली, झेंडूच्या माळा घातलेली. मधोमध लॅपटॉप, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. सरांचं बोट बटणावर, शेजारी प्राचार्य, मागे आम्ही सगळे टाळ्या वाजवताना.

अल्ताफने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"सरांनीच?"

मी बाटल्यांवर तारखा लिहीत होते. लिहीत राहिले.

सरांनी त्यांचं ईमेल खातं उघडलं. अल्ताफने सांगितलेल्या जागी काही नव्हतं. दुसऱ्यांदा बघितलं, तरी नव्हतं. दुसऱ्या कुणाचा ईमेल असेल का, असं अल्ताफने विचारल्यावर सर चिडले. चालू मी केला तर ईमेल दुसऱ्या कुणाचा कसा असेल, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तर्काची काही चूक नव्हती.

चालू मी केला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे गेल्यावर मी खोकं उघडलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी पूजेनंतर नवा तराजू सुरू केला तेव्हा त्यावर बिघाडाचा संदेश आला होता, आणि प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले होते, देवाला रसायनशास्त्र मान्य नाही वाटतं. सरांना ते लागलं होतं. नवा लॅपटॉप सुरुवातीला तासभर भाषा विचारतो, वेळ विचारतो, हे विचारतो, ते विचारतो. सगळ्यांसमोर तो तासभर जाऊ नये एवढाच माझा हेतू होता. मी सगळं करून ठेवलं, माझाच ईमेल घातला, मग 'रसायन विभाग' नावाचं दुसरं खातं तयार केलं आणि माझं त्या लॅपटॉपवरून पुसून टाकलं. लॅपटॉप परत थर्माकोलमध्ये घातला. खोक्याची चिकटपट्टी जिथे होती तिथेच, त्याच रेषेवर पुन्हा चिकटवली. दुसऱ्या दिवशी सरांनी बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात पडदा उजळला. सर माझ्याकडे बघून हसले होते. मला त्या चिकटपट्टीचा अभिमान वाटला होता.

मंगळवारी मी लगेच का बोलले नाही, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे तयार होतं. किल्ली माझ्या खात्यात आहे याची खात्री कुठे होती? आधी बघावं, मग बोलावं. घरी पोचल्यावर मी चहा ठेवला आणि खातं उघडलं. किल्ली होती. सहा सहा आकड्यांचे आठ गट, खाली तारीख, खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची. मी सगळे आकडे वहीत उतरवले आणि दोनदा ताडून पाहिले. तोवर चहा उतू गेला होता.

बुधवारी वही घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. ते जुनी रजिस्टरं समोर घेऊन बसले होते. पहिली चार वर्षं तरी छापावीत का, असं मला विचारत होते. मजकुराची प्रत काढून ठेवायचं काम आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं, म्हणजे खरं तर माझ्याकडे होतं, आणि शेवटची प्रत दीड वर्षापूर्वीची होती. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

"माझ्या हातानं सुरू केलेलं यंत्र," ते म्हणाले. "कुंकू लावून. दोन वर्षं कधी कुरकुरलं नाही."

मग म्हणाले, तुमचा दोष नाही शेटे मॅडम, तुम्ही लिहिलंत ते कागदावर बरोबरच होतं. बाहेरच्या माणसाच्या हातात यंत्र दिलं, तिथे चुकलं.

मी उद्या सांगावं असं ठरवलं. वही पिशवीतच राहिली.

गुरुवारी अल्ताफ आला तेव्हा मी तराजूच्या खोलीत एकटी होते. तो दारातच थांबला. आत वारा गेला की तराजूचा आकडा हलतो, हे त्याला ठाऊक होतं. मी या म्हटल्यावर आत आला आणि दार हळू लावून घेतलं.

"मॅडम, जरा आठवून बघता का? तुमच्या खात्यात एकदा बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणाले. हे खरं होतं.

"नाही?"

तराजूची काच उघडी होती. मी ती सरकवून बंद केली. आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

"नाही."

 उद्या समिती आहे, असं तो म्हणाला. मला माहीत आहे, असं मी म्हणाले. मग जाताना त्याने मला एक गोष्ट सांगितली, की किल्ली कधीही मिळू शकते, तोवर जुन्या पट्टीला कुणाला हात लावू देऊ नका, करार मागणाऱ्या सांगलीच्या लोकांना तर मुळीच नको, ते पहिल्यांदा पुसून टाकतील. जुनी पट्टी त्याने कापसात गुंडाळून एका प्लास्टिकच्या डबीत घालून आणली होती. ती माझ्या टेबलावर ठेवून तो गेला.

शुक्रवारच्या समितीत प्राचार्य, कार्यालयाचे अधीक्षक, सर आणि तांत्रिक मतासाठी मी होते. अल्ताफला बाहेरून बोलावलं. त्याने झालेलं सगळं क्रमाने सांगितलं. बोर्डचं सॉफ्टवेअर विचारल्याशिवाय बदललं, तेवढी चूक माझी, असं परत सांगितलं. प्राचार्य म्हणाले, पण तुम्ही म्हणता किल्ली सुरू करणाऱ्याच्या खात्यात असते, सुरू सरांनी केला, आम्ही सगळे तिथे उभे होतो, आणि सरांच्या खात्यात किल्ली नाही. मग तुमचं म्हणणं खरं कसं?

अल्ताफने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते.

"शेटे मॅडम, तुमचं मत?"

मी बोलले ते वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. "बाहेरची पट्टी बसवताना घ्यायला हवी होती तेवढी काळजी घेतली गेली नसावी."

'नसावी' म्हणाले. 'नाही' म्हणाले नाही. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा ठरवता येणार नाही, अशा बेताने मी ते घडवलं होतं. आयुष्यभर प्रयोगवह्या तपासताना मी मुलींना हेच शिकवत आले, की जेवढं दिसलं तेवढंच लिहा, त्याच्या पुढे जाऊ नका. त्या दिवशी मी जेवढं दिसलं त्याच्या अलीकडे थांबले.

करार सांगलीच्या एका संस्थेला गेला.

सोमवारी सकाळी सर आणि दिनकरमामा घाटावरून यायच्या आत मी जुनी पट्टी जोडली आणि वहीतले आकडे घातले. कुलूप उघडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन वर्षांचे सगळे सोमवार जागच्या जागी होते. सर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन आले, पडद्यावर त्यांचे आलेख दिसले, आणि ते तसेच उभे राहिले. मामांनी त्यांच्या हातातल्या बाटल्या काढून घेतल्या. सरांचे डोळे भरून आले होते.

"कसं केलंत?"

"प्रयत्न केला," मी म्हणाले.

पुढे कुणी विचारलं नाही. कुणी विचारण्याची मी वाट बघत होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. कुणीतरी विचारेल, मग मी सांगेन. किल्ली मिळाली याचा अर्थ अल्ताफ सांगत होता ते खरं होतं, एवढं साधं अनुमान बी.एस्सी. पहिल्या वर्षाची मुलगीही काढेल. आमच्या विभागात ते कुणी काढलं नाही. दिनकरमामांनी काढलं असावं. त्या दिवसापासून ते माझ्या टेबलावरच्या बाटल्या न बोलता विसळू लागले.

सरांचा अहवाल मार्चमध्ये पुरा झाला. ऋणनिर्देशात माझ्या नावाला अख्खा परिच्छेद होता. निरोपसमारंभात त्यांना शाल दिल्यावर त्यांनी स्वतः एक शाल मागवून माझ्या खांद्यावर घातली आणि माईकवरून सांगितलं, की बाजारातल्या माणसाने घालवलेलं आमच्या शेटे मॅडमनी परत आणलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शाल मरून रंगाची आहे. मी ती कधी वापरली नाही, पण टाकताही आली नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी मी सतारमेकर गल्लीत गेले. वही बरोबर होती. अल्ताफच्या दुकानात पूर्वी संगणक असायचे त्या फळीवर आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दुकानाच्या निम्म्या भागात त्याचे वडील एक भला मोठा भोपळा मांडीशी धरून आतून खरवडत बसले होते, आणि अल्ताफ त्यांच्यासमोर बसून तंबोऱ्याच्या खुंट्या घासत होता. मला बघून उठला, हात झटकले, खुर्ची पुसून दिली.

मी बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. खोकं, चिकटपट्टी, ईमेल. वही उघडून आकड्यांचं पान त्याच्यापुढे धरलं, पुरावा द्यावा तसं. मला वाटत होतं त्याला धक्का बसेल, राग येईल. तो राग कसा सोसायचा याची मी येताना वाटेत तयारी केली होती.

त्याने वहीकडे बघितलंही नाही.

"मला माहीत होतं मॅडम."

"कसं?"

"तुम्ही फोन केला होता की मला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. लॅपटॉप ईमेल घातल्याशिवाय पुढं जात नाही म्हणालात. मीच सांगितलं, तुमचा घाला आत्ता, नंतर काढून टाका."

मला आठवलं. तोवर आठवलं नव्हतं. दोन मिनिटांचा फोन. मी उभ्या उभ्या केला होता, एका हाताने चिकटपट्टीचं टोक जपत.

म्हणजे मंगळवारी फोटो बघून तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याला माहीत होतं. गुरुवारी तराजूच्या खोलीत आला तेव्हा, आणि शुक्रवारी समितीसमोर उभा होता तेव्हाही.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज मला चढल्यासारखा वाटला, जणू चूक त्याची होती.

त्याने खुंटी उचलून उजेडात धरली, फिरवून बघितली.

"सरांसमोर कसं बोलणार? त्यांनी कुंकू लावून चालू केलेलं." मग खुंटी खाली ठेवून म्हणाला, "आणि मला वाटलं, तुम्ही बोलाल."

त्याचे वडील खरवडायचे थांबले होते. त्यांनी अल्ताफला चहा सांगायला सांगितलं. मी नको म्हणाले, पण चहा आला, आणि मी तो प्याले. निघताना अल्ताफने एकच प्रश्न विचारला. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाला यंत्र कधी न्यायला येणार असं विचारावं, तसं विचारलं.

"प्राचार्यांना सांगाल ना?"

मी हो म्हणाले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. अल्ताफने बसवलेली बाजारातली ती पट्टी अजून चालते आहे, एकदाही बिघडली नाही. प्राचार्य त्यानंतर तीन वर्षं त्याच खुर्चीवर होते. माझ्या खोलीपासून त्यांची खोली बावीस पावलांवर होती, आणि त्यांचं दार दुपारी तीन ते चार सगळ्यांना उघडं असे.